परदेशी राहून भारतातून दत्तक : पैसे किती, कुणाला आणि कशाचे

न्यू जर्सी, लंडन किंवा दुबईत राहणाऱ्या मराठी जोडप्याने भारतातून मूल दत्तक घ्यायचे ठरवले की कानावर निरनिराळे आकडे यायला लागतात. नातेवाईक म्हणतात, काही खर्च नाही, आमच्या ओळखीची संस्था आहे. एखादा वकील लाखांत बोलतो. परदेशातली संस्था डॉलरमधले दोन पानी अंदाजपत्रक पाठवते आणि त्यातल्या निम्म्या ओळी कशाच्या आहेत ते कळत नाही.

भारत सरकारने ठरवून दिलेला आकडा यात एकच आहे. आंतरदेशीय दत्तकात भारतातल्या दत्तक संस्थेला द्यायचे शुल्क ५००० डॉलर, म्हणजे साधारण चार-साडेचार लाख रुपये. बाकीचा खर्च तुम्ही राहता त्या देशात होतो आणि तो यापेक्षा कितीतरी मोठा असतो. अमेरिकन सरकारच्या बालकल्याण माहिती केंद्राने परदेशातून दत्तक घेण्याचा एकूण खर्च २० ते ५० हजार डॉलरच्या पट्ट्यात दाखवलेला आहे. भारतातला वाटा त्यात लहानच. तरीही गैरप्रकार बहुतेक या लहान वाट्याच्या आसपास होतात, म्हणून सुरुवात तिथूनच केलेली बरी.

पाच हजार डॉलर आणि त्यामागचे खाते

भारतातून परदेशात जाणाऱ्या प्रत्येक दत्तक बालकाची नोंद 'कारा'कडे, म्हणजे केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरणाकडे होते. ही संस्था १९९० पासून आहे. बाल न्याय अधिनियम, २०१५ ने तिला वैधानिक दर्जा दिला आणि ती केंद्राच्या महिला व बाल विकास मंत्रालयाखाली चालते. आंतरदेशीय दत्तकाविषयीच्या १९९३ च्या हेग करारात प्रत्येक देशाला एक मध्यवर्ती प्राधिकरण नेमावे लागते. भारतात ते काम कारा करते. भारताने हा करार २००३ मध्ये मान्य केला आणि त्याच वर्षीच्या १ ऑक्टोबरपासून तो आपल्याला लागू झाला. सध्या चालते ती नियमावली २०२२ ची. शुल्काचा तक्ता तिच्या परिशिष्टात आहे आणि कोणालाही काराच्या संकेतस्थळावर तो पाहता येतो. पैसे भरायच्या दिवशी तो पुन्हा एकदा उघडून बघा, कारण मधल्या काळात दुरुस्ती झालेली असू शकते.

हे ५००० डॉलर कारा घेत नाही. ते मूल ज्या विशेष दत्तक संस्थेत वाढले त्या संस्थेला जातात आणि तिथल्या मुलांच्या संगोपनासाठी, औषधपाण्यासाठी, कायदेशीर कामासाठी वापरायचे असतात. म्हणून पावती त्या संस्थेच्या नावाची हवी आणि रक्कम बँकेतूनच जायला हवी.

इथे एक नियम ठळक अक्षरांत लिहून ठेवावा असा आहे. ठरलेल्या शुल्कापलीकडे दत्तक संस्थेला पालकांकडून दत्तकासाठी कोणतीही देणगी घेता येत नाही. रोख नाही, वस्तूरूपाने नाही, आडवळणानेही नाही. आपल्याकडे संस्था म्हटली की देणगी आलीच, आणि मूल मिळाल्याच्या आनंदात पालक स्वतःहून पाकीट पुढे करतात. करू नका. वॉटर प्युरिफायर बसवून द्या, मुलांना सतरंज्या घ्या, ट्रस्टींच्या दुसऱ्या ट्रस्टला काहीतरी द्या, अशी सूचना संस्थेकडून आलीच, तर ती लेखी मागा. बहुतेक वेळा विषय तिथेच मिटतो.

ही शिस्त आपोआप आलेली नाही. १९८२ साली लक्ष्मीकांत पांडे नावाच्या वकिलांनी सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिले. दत्तकाच्या नावाखाली भारतीय मुले परदेशात पाठवली जातात आणि त्यात पैशाचे व्यवहार होतात, अशी त्यांची तक्रार होती. न्यायालयाने त्या पत्रालाच याचिका मानले. ६ फेब्रुवारी १९८४ रोजी न्या. पी. एन. भगवती यांनी दिलेल्या निकालात परदेशी पालकांची तपासणी कोणी करायची इथपासून सगळे लिहिलेले आहे. पालकांनी मूल पसंत केल्यापासून ते देश सोडेपर्यंत संस्थेने त्याच्या संगोपनापोटी दिवसाला जास्तीत जास्त किती रुपये आकारावेत, तेही त्यात होते : साठ. न्यायालयाला इतक्या बारकाईने आकडे घालून द्यावे लागले, यावरून तेव्हाच्या परिस्थितीची कल्पना यावी.

त्यानंतरही सगळे सुरळीत झाले असे नाही. ठरलेल्या शुल्कापेक्षा जास्त पैसे उकळल्याच्या आरोपांवरून २०१० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशाने पुण्यातल्या एका संस्थेविरुद्ध सीबीआयने गुन्हा नोंदवला. आज मूल आणि पालक यांची सांगड काराच्या 'केअरिंग्ज' या संगणकीय प्रणालीतून घातली जाते, संस्थेच्या मर्जीने नाही. त्याला ही पार्श्वभूमी आहे.

अमेरिकेतली बिले

सगळ्यात मोठी रक्कम इथे लागते, म्हणून थोडे सविस्तर.

पहिला खर्च संस्थेचा. अमेरिकेत राहणाऱ्याने कारासमोर थेट उभे राहायचे नसते. काराने ज्या अमेरिकन संस्थांना अधिकृत केले आहे त्यांच्यामार्फत अर्ज जातो आणि त्यांची देशवार यादी काराच्या संकेतस्थळावर असते. शिवाय त्या संस्थेला अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याच्या व्यवस्थेखाली हेग मान्यताही लागते. दोन्ही सरकारांची मान्यता असलेलीच संस्था निवडा. एकाची मान्यता आहे, दुसऱ्याची 'येतेय' असे सांगणाऱ्या संस्थेला पैसे देऊ नका.

अमेरिकन नियमांप्रमाणे मान्यताप्राप्त संस्थेला करार करण्याआधी अपेक्षित खर्चाचा लेखी, ओळवार तपशील द्यावा लागतो : होम स्टडीचे, म्हणजे पालकांच्या घरच्या तपासणीचे किती, कार्यक्रम शुल्क किती, परदेशातल्या बालकासाठी किती, प्रवासाचे किती, दत्तकानंतरच्या अहवालांचे किती. 'एकूण अमुक हजार' अशी एकच ओळ कोणी पाठवली, तर ती परत पाठवून फोड करून मागा. मूल मिळवून दिले तर इतके, अशा हिशेबाने कोणाला मोबदला देणेही या नियमांत बसत नाही.

त्या ओळींत 'देखरेख शुल्क' असे काही दिसले तर दचकू नका. मान्यता देणाऱ्या यंत्रणेचा खर्च भागवण्यासाठी २०१८ पासून अमेरिकेत प्रत्येक दत्तक कुटुंबामागे हे आकारले जाऊ लागले. सुरुवातीचा दर ५०० डॉलर होता. सरकारने लक्ष ठेवायचे आणि बिल पालकांनी भरायचे, ही पद्धत मला फारशी पटत नाही. पण ती कायदेशीर आहे.

दुसरा खर्च स्थलांतर खात्याचा. पालक म्हणून तुम्ही योग्य आहात का, हे ठरवणारा अर्ज म्हणजे फॉर्म आय-८००ए. एप्रिल २०२४ पासून त्याचे शुल्क ९२० डॉलर आहे. मूल ठरल्यावर त्या मुलासाठी आय-८०० भरायचा असतो. आधीची मंजुरी चालू असेल तर पहिल्या मुलासाठी त्याला वेगळे शुल्क नाही. ही मंजुरी १५ महिने चालते, आणि भारतातली प्रतीक्षा बहुतेकदा त्याहून लांबते. त्यामुळे मुदतवाढ आणि तिच्यासोबत होम स्टडीचे नूतनीकरण आलेच. नूतनीकरणाचे पैसे संस्था वेगळे घेते. ते किती आणि किती वेळा, हे करारातच लिहून घ्या. अंदाजपत्रक फुगते ते नेहमी याच ठिकाणी.

मुलाच्या इमिग्रंट व्हिसाचे ३२५ डॉलर. त्याआधी दूतावासाने नेमलेल्या डॉक्टरांकडे तपासणी, तिचे पैसे वेगळे. दत्तक बालकांचे व्हिसा दिल्लीच्या अमेरिकन दूतावासात होतात. म्हणजे मूल नागपूरच्या संस्थेत असले तरी दिल्लीची फेरी, तिथला मुक्काम आणि लहान मुलासह प्रवास धरून चला.

कागदपत्रांचे सोपस्कार किरकोळ वाटतात. पण विवाह प्रमाणपत्र, उत्पन्नाचे दाखले, पोलिसांचा दाखला, वैद्यकीय अहवाल अशी चळत होते आणि प्रत्येकावर ॲपोस्टिल, म्हणजे परदेशात चालणारे सरकारी प्रमाणीकरण, लागू शकते. कॅलिफोर्नियात एका कागदाला २० डॉलर पडतात. काही राज्यांत दत्तकाच्या कागदांना सवलत आहे, पण ती मागावी लागते. काउंटरवर कोणी स्वतःहून सांगत नाही.

आता परत मिळू शकणारे पैसे. अमेरिकेत कर भरणाऱ्या पालकांना दत्तक कर-सवलत मिळते. २०२५ साठी कमाल रक्कम १७,२८० डॉलर असून त्यातले ५००० डॉलरपर्यंत आता कर नसला तरी हातात परत मिळू शकतात. सुधारित उत्पन्न २,५९,१९० डॉलरच्या वर गेले की सवलत घटू लागते आणि २,९९,१९० ला संपते. बे एरियातल्या दोन पगारांच्या घराने हे आधी तपासावे. परदेशातल्या दत्तकात ही सवलत दत्तक पूर्ण झालेल्या वर्षापासूनच मागता येते, म्हणून मधल्या वर्षांच्या पावत्या जपून ठेवा. काही कंपन्याही दत्तकासाठी मदत देतात. मनुष्यबळ विभागाला एक ईमेल टाकायला काही पडत नाही.

एच-वन आणि ग्रीन कार्डवाल्यांनी हे आधी वाचावे

काराच्या दृष्टीने तुम्ही भारतीय पारपत्रावर परदेशात राहत असाल तर अनिवासी भारतीय. प्राधान्यक्रमात तुम्ही देशातल्या भारतीयांच्या बरोबरीचे. हे ऐकून अनेक जोडपी कामाला लागतात आणि मुलाला सोबत न्यायची वेळ आली की अडकतात.

अमेरिकेची हेग दत्तक प्रक्रिया नागरिकांसाठी आहे. जोडप्यातला निदान एक जण अमेरिकन नागरिक असावा लागतो. दोघेही एच-वनवर किंवा ग्रीन कार्डवर असतील, तर अमेरिकन कायद्यात दत्तक मूल 'अपत्य' ठरण्यासाठी ते दोन वर्षे पालकांच्या कायदेशीर ताब्यात आणि त्यांच्यासोबत राहिलेले असावे लागते. सरळ सांगायचे तर आई किंवा बाबांपैकी कोणी तरी भारतात दोन वर्षे मुलाबरोबर राहणे आले. त्या दोन वर्षांतला बुडालेला पगार, दोन घरांचे भाडे आणि व्हिसाची अनिश्चितता कुठल्याच अंदाजपत्रकात लिहिलेली नसते. पण या गटासाठी दत्तकाचा खरा खर्च तोच आहे. दोन-तीन वर्षांत नागरिकत्व मिळणार असेल तर तोवर थांबणेच स्वस्त, असे माझे स्पष्ट मत आहे. वयाची मर्यादा जवळ आली असेल तर गोष्ट वेगळी. त्या मर्यादेविषयी पुढे येतेच.

अमेरिकेबाहेरच्या देशांचे पाहायचे तर, ब्रिटनमध्ये शिक्षण खात्याच्या पात्रता प्रमाणपत्राशिवाय परदेशातून दत्तक मूल आणणे हा गुन्हा ठरू शकतो. पालकांची तपासणी स्थानिक कौन्सिल किंवा मान्यताप्राप्त संस्था करते आणि तिचे शुल्क पालकांकडून घेतले जाते. ऑस्ट्रेलियात हे काम राज्य सरकारांच्या खात्यांकडे आहे. भारतासोबतचा तिथला कार्यक्रम २०१० मध्ये बंद झाला आणि २०१८ मध्ये पुन्हा सुरू झाला. मधली आठ वर्षे ज्यांची फाइल पडून राहिली असेल, त्यांचा विचार करा. आखाती देश हेग करारात नाहीत. तिथल्या भारतीय नागरिकांना अधिकृत संस्था नसेल तर भारतीय दूतावासाकडे जाता येते. मुलाला निवासी परवाना मिळेल का, हे मात्र त्या देशाच्या कार्यालयात आधी विचारून घ्यावे.

बहिणीचे, भावाचे मूल

मराठी घरांत सगळ्यात जास्त गैरसमज इथे आहेत. घरातल्या घरात दत्तक म्हणजे भटजी, चार नातेवाईक आणि दुय्यम निबंधक कार्यालयात नोंदवलेले दत्तकपत्र, अशी समजूत असते. मूल भारतातच राहणार असेल तर १९५६ च्या हिंदू दत्तक कायद्याने हे चालते. मूल परदेशी न्यायचे असेल तर नुसत्या दत्तकपत्रावर काम भागत नाही. काराचे ना हरकत प्रमाणपत्र लागते. हिंदू कायद्याने झालेल्या दत्तकासाठी २०२१ पासून स्वतंत्र प्रक्रिया आहे आणि तीत जिल्हाधिकाऱ्यांकडून पडताळणी होते.

बाल न्याय कायद्यातली नातेवाइकांची व्याख्या आपल्या गोतावळ्यापेक्षा बरीच लहान आहे. मुलाचे काका-आत्या, मामा-मावशी आणि दोन्हीकडचे आजी-आजोबा एवढेच. चुलतभावाचे मूल या दाराने घेता येत नाही. नात्यातल्या दत्तकात संस्था मध्ये नसल्याने ५००० डॉलरच्या शुल्काचा प्रश्न येत नाही. आणि जन्मदात्या आईवडिलांना दत्तकाच्या बदल्यात पैसे देणे हिंदू दत्तक कायद्याच्या कलम १७ नुसार गुन्हा आहे. 'त्यांचे कर्ज फेडून टाकू' ही भाषासुद्धा पत्रात, व्हॉट्सॲपवर कुठेही नको.

भारतातली बाजू जमली तरी अमेरिकेची अडते. जन्मदाते आईवडील दोघेही हयात असतील, तर ते मुलाचा नीट सांभाळ करण्यास असमर्थ आहेत असे स्थलांतर खात्याला पटवावे लागते. अर्जाच्या वेळी मूल सोळाच्या आत असावे लागते. भाच्याला तिकडे चांगले शिक्षण मिळेल, हे कारण तिथे उभे राहत नाही. शिवाय आधी भारतात दत्तकविधान उरकले आणि मग अमेरिकेत अर्ज केला, तर क्रमच उलटा होतो आणि फाइल अडकते. दत्तकपत्र नोंदवण्याआधी अमेरिकेतल्या स्थलांतर वकिलाची तासाभराची फी मोजा. यापेक्षा फायद्याचा खर्च या सगळ्या यादीत दुसरा नाही.

वेळ हीच मोठी किंमत

पैशांचा आकडा काढता येतो. वेळेचा काढता येत नाही. लहान, निरोगी मुलासाठी थांबणाऱ्या पालकांना तीन वर्षांहून अधिक प्रतीक्षा सांगितली जाते. २०२४-२५ मध्ये देशभरात ४,५१५ दत्तक झाले आणि त्यांतले ४,१५५ भारतातच झाले. परदेशी गेलेली मुले त्यामानाने किती थोडी, हे यावरून दिसते.

कायद्याचा क्रमच तसा आहे. आई-वडिलांनी मूल सोपवले, तर विचार बदलण्यासाठी त्यांना दोन महिने दिले जातात. मग बाल कल्याण समिती मूल दत्तकासाठी कायदेशीररीत्या मुक्त झाल्याचे जाहीर करते. सोडून दिलेल्या मुलाच्या बाबतीत पालकांचा शोध घ्यावा लागतो : दोन वर्षांपर्यंतच्या मुलासाठी दोन महिने, मोठ्यासाठी चार. त्यानंतरचे साठ दिवस भारतीय आणि अनिवासी भारतीय पालकांसाठी राखलेले. तोवर घर मिळाले नाही तरच ते मूल परदेशी पालकांसाठी खुले होते. अपंगत्व असलेली मुले, भावंडे आणि पाच वर्षांवरची मुले यांना आंतरदेशीय दत्तकात प्राधान्य देता येते. परदेशी नागरिकत्व घेतलेल्या मराठी जोडप्याला तान्हे बाळ मिळण्याची शक्यता कमी का, याचे उत्तर या क्रमात आहे. सहा-सात वर्षांच्या मुलाला किंवा दोन भावंडांना घ्यायची मनापासून तयारी असेल, तर प्रतीक्षा बरीच कमी होते. मात्र लवकर मिळते म्हणून होकार देऊ नये. मोठ्या मुलांना मागचे सगळे आठवत असते. समुपदेशक, भाषा, शाळा यांचे पैसे आणि वेळ बाजूला काढून मगच हो म्हणावे.

वयाचे गणितही करा. दोन वर्षांपर्यंतच्या मुलासाठी जोडप्याच्या वयांची बेरीज ८५ च्या आत हवी, दोन ते चार वर्षांसाठी ९०, चार ते आठसाठी १०० आणि त्यापुढे ११०. एकट्या पालकासाठी याच क्रमाने ४०, ४५, ५०, ५५. नात्यातल्या दत्तकाला ही मर्यादा नाही. एकट्या पुरुषाला मुलगी दत्तक घेता येत नाही.

दत्तकाचा आदेश आधी न्यायालयातून निघे. सप्टेंबर २०२२ पासून कायद्याने तो अधिकार जिल्हाधिकाऱ्यांना दिला. मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये अंतरिम आदेश देऊन अशी प्रकरणे न्यायालयातच ऐकणे चालू ठेवले. त्यामुळे महाराष्ट्रातल्या मुलाचा आदेश कुठून निघणार, हे संस्थेला त्या-त्या वेळी विचारा आणि विमानाचे तिकीट बदलता येईल असेच काढा. तारीख पुढे जाते. स्वस्त, न बदलणारी तिकिटे या कामात महाग पडतात.

आदेशानंतर काराकडून हेग कराराच्या कलम २३ खालील अनुरूपता प्रमाणपत्र येते, मग मुलाचे भारतीय पारपत्र. त्याचे सरकारी शुल्क १००० रुपये, आठ वर्षांच्या आतल्या मुलाला पहिल्या पारपत्रावर दहा टक्के सूट. तातडीने हवे असेल तर २००० रुपये वर. या टप्प्यावर 'पारपत्र लवकर काढून देतो' म्हणणारे एजंट भेटतात. प्रमाणपत्र आणि आदेश हातात असताना त्यांची गरज पडत नाही.

घरी पोचल्यावर दोन वर्षे अहवाल द्यायचे असतात : पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी, दुसऱ्या वर्षी दर सहा महिन्यांनी, असे सहा. प्रत्येक अहवालासाठी समाजसेविका घरी येते आणि संस्था त्याचे काहीशे डॉलर लावते. बऱ्याच संस्था ही रक्कम अनामत म्हणून आधीच घेतात. अमेरिकन नागरिकाने पूर्ण दत्तक आदेशासह आणलेले मूल तिथे पाऊल ठेवताच २००० सालच्या बाल नागरिकत्व कायद्याने अमेरिकन नागरिक होते. भारताशी नाते कागदावर राखायचे तर ओसीआय (परदेशस्थ भारतीय नागरिक) कार्डाचे २७५ डॉलर धरा.

एवढा फेरा कशासाठी

पालक वैतागतात. आम्ही मुलाला घर द्यायला निघालो आणि आमचीच उलटतपासणी, असे त्यांना वाटते. पण ज्या देशांनी ही तपासणी ढिली ठेवली त्यांचे काय झाले ते पाहा. दक्षिण कोरियात सरकारी सत्यशोधन आयोगाने मार्च २०२५ मध्ये मान्य केले की परदेशी पाठवलेल्या मुलांच्या नोंदींत खाडाखोड झाली होती. पालक हयात असलेली मुले कागदावर अनाथ दाखवली गेली होती. चीनने २०२४ मध्ये परदेशी दत्तक जवळपास बंदच केले. नेदरलँड्सने ते टप्प्याटप्प्याने थांबवायचे ठरवले आहे. आज चाळिशीत असलेली अनेक दत्तक माणसे आपली जन्मदाती आई शोधत भारतात, महाराष्ट्रातही येतात आणि संस्थेच्या रजिस्टरमध्ये त्यांना एक ओळही सापडत नाही. तुमच्या मुलावर उद्या ही वेळ येऊ नये म्हणून आजचा प्रत्येक शिक्का असतो. एकदा हे पटले की फॉर्म भरतानाची चिडचिड बरीच कमी होते.

रांग टाळून मूल मिळवून देतो म्हणणारे मात्र अजूनही आहेत. प्रसूतिगृहातली नर्स, समाजमाध्यमावरचा गट, 'कुमारी मातेचे बाळ आहे, आजच ठरवा' असा फोन. कायदा याबाबत स्पष्ट आहे. ठरलेल्या प्रक्रियेबाहेर मूल दत्तक दिले-घेतले तर कलम ८० खाली तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपये दंड, किंवा दोन्ही. मूल विकणे किंवा विकत घेणे यासाठी कलम ८१ खाली पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि दंड. रुग्णालयाचा माणूस गुंतलेला असेल तर त्याला किमान तीन आणि कमाल सात वर्षे. अशा मुलाला पारपत्र मिळत नाही, व्हिसा मिळत नाही, आणि चौकशीत ते तुमच्या घरातून पुन्हा संस्थेत जाते. असा फोन आला तर १०९८ या बालमदत क्रमांकावर किंवा जिल्हा बाल संरक्षण कक्षात कळवा. महाराष्ट्रात वरच्या पातळीवरची तक्रार पुण्याच्या महिला व बाल विकास आयुक्तालयात करता येते.

थोडक्यात, अमेरिकन नागरिक असलेल्या जोडप्याने प्रवास धरून तीस-पस्तीस हजार डॉलर आणि तीन वर्षांची तयारी ठेवावी, त्यातले ५००० भारतातल्या संस्थेचे. नात्यातल्या दत्तकात संस्थेचे शुल्क वाचते, वकिलाचे वाढते. पहिला धनादेश लिहिण्याआधी काराच्या यादीतले संस्थेचे नाव स्वतःच्या डोळ्यांनी पाहा, शुल्काचा ओळवार तपशील सहीनिशी घ्या आणि ज्या रकमेची पावती मिळणार नाही ती देऊ नका.